नऊ मिनिटांचा किलोमीटर

मला एक किलोमीटर धावायला नऊ मिनिटं लागतात. हवा गार असेल, रात्री झोप नीट झाली असेल आणि रस्ता सपाट असेल तर आठ-चाळीस. सहा वर्षं नियमित सराव करून माझी चाल इथे येऊन स्थिरावली आहे आणि मला ती मान्य आहे. हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर, त्याला नऊने गुणलं की तीन तास दहा मिनिटं होतात. केल्व्हिन किप्टमने २०२३ साली शिकागोमध्ये ४२.१९५ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली. तेवढ्या वेळात मी तेरा किलोमीटरच्या पाटीच्या थोडी पुढे गेलेली असते.

आजवर नऊ टेन-के, म्हणजे दहा किलोमीटरच्या शर्यती, अकरा हाफ आणि फुल मॅरेथॉनचा एक प्रयत्न झाला. सगळ्या स्थानिक शर्यती, काही शे ते दोन-तीन हजार धावकांच्या. निकालाची यादी आली की मी शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करते, कारण माझं नाव तिथे लवकर सापडतं. धावण्याबद्दल मी जे काही वाचलं ते बहुतेक पुढच्या धावकांनी लिहिलेलं होतं. पेस, म्हणजे धावण्याची चाल, कसा वाढवावा, दोन तासांच्या आत हाफ कशी करावी, वगैरे. रस्त्यावर तिसऱ्या तासात काय घडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते एकेक शर्यत करत कळत गेलं.

पहिल्या टेन-केला मी वेळेच्या खूप आधी पोचले आणि नकळत सुरुवातीच्या रेषेपासून तिसऱ्या-चौथ्या रांगेत जाऊन उभी राहिले. बंदूक वाजली आणि दोन्ही बाजूंनी माणसं भरभर निघून जायला लागली. कुणाचं कोपर लागलं, कुणी मागून ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून ओरडलं. त्या लोंढ्यासोबत मी पहिला किलोमीटर सात मिनिटांत काढला. चौथ्या किलोमीटरला छाती भरून आली, पोटात डावीकडे कळ उठली, आणि उरलेले सहा किलोमीटर मी धावण्यापेक्षा चाललेच जास्त. एक तास एकतीस मिनिटं. त्या दिवसापासून मी सगळ्यात मागे उभी राहते. मागे उभं राहण्यात कमीपणा काही नाही. चिप टाइम, म्हणजे बिबवरच्या (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरच्या) चिपने मोजलेली वेळ, तुम्ही रेषेवरची चिप वाचणारी मॅट ओलांडता तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे आपल्या वेळेतलं काहीच जात नाही. शिवाय आपल्यामुळे कुणाला अडखळावं लागत नाही आणि पहिला किलोमीटर स्वतःच्या चालीने जातो.

मात्र यात एक मेख आहे. कट-ऑफ, म्हणजे ज्या वेळेनंतर शर्यत बंद होते ती वेळ, बऱ्याच ठिकाणी चिपवर मोजत नाहीत. ती बंदुकीपासून मोजतात. दोन हजार माणसांच्या मागे उभं राहिलं की रेषेपर्यंत पोचायलाच चार-पाच मिनिटं जातात. दोन तासांत हाफ करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. माझ्यासारखीला ती मिनिटं पुढे कधीतरी भरून द्यावी लागतात. मी ती एकदा फार जड हाताने भरली. ते पुढे येईलच.

माझी दुसरी हाफ मला अजून तपशीलवार आठवते, कारण ती आठवली की आजही घसा कोरडा पडतो. कट-ऑफ साडेतीन तासांचा जाहीर झाला होता. पंधरा किलोमीटरच्या पाटीला मी दोन तास सतरा मिनिटांनी पोचले. म्हणजे शर्यत बंद व्हायला अजून त्र्याहत्तर मिनिटं होती. तिथे पाणी असल्याचं नकाशात लिहिलं होतं. मी पोचले तेव्हा दोन स्वयंसेवक टेबलाचे पाय दुमडत होते. रिकामे कॅन टेम्पोत चढले होते आणि रस्त्यावर चुरगळलेल्या कपांचा खच पडला होता. कप पाहिले की कळतं, इथे पाणी होतं, आपल्याआधीच्या हजारेक लोकांनी ते प्यायलंय. मी विचारलं, ‘पाणी?’ त्यातली मुलगी ओशाळली. ‘संपलं हो ताई. आम्हाला आवरायला सांगितलंय.’ मग तिने आपल्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि अर्धी माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीत ओतली. मला तिचा राग आला नाही. येण्याचं कारणही नव्हतं. ती पहाटेपासून तिथे उभी होती आणि वरून आलेला निरोप पाळत होती.

पुढच्या एका चौकात बाण नव्हते. ते काढून नेले होते. मी सरळ गेले, वळायचं होतं उजवीकडे. तीनशे मीटर गेल्यावर आजूबाजूला एकही बिब दिसेना तेव्हा शंका आली. परत फिरले. म्हणजे सहाशे मीटर फुकट गेले, आणि अठराव्या किलोमीटरच्या पायांना सहाशे मीटर म्हणजे काय ते धावणाऱ्याला सांगायला नको. तोवर रस्ता वाहनांना खुला झाला होता. शर्यतीच्याच एका गाडीतून एकाने हात बाहेर काढून सांगितलं, ‘फूटपाथवरून जा, शर्यत संपली.’ मी घड्याळ बघितलं. शर्यत संपलेली नव्हती.

मी तीन तास चोवीस मिनिटांनी पोचले. हवा भरलेली कमान तोवर एका बाजूला कलली होती, तिची हवा सोडली होती. टायमिंगची मॅट गुंडाळून ठेवलेली. एका खोक्यात मेडलं होती, त्यातलं एक मला मिळालं. निकालात माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहून आलं, कारण माझी चिप वाचायला तिथे काही उरलंच नव्हतं. मी घड्याळातली नोंद जोडून दोनदा लिहिलं, मग माझं नाव हाताने यादीत घातलं गेलं. ते तीन ओळींचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय.

मला तेव्हा जे वाटलं तेच आजही वाटतं. कट-ऑफ हा दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द आहे. मी त्या वेळेत येईन हा माझा शब्द, आणि त्या वेळेपर्यंत रस्ता, पाणी, बाण आणि रेषा जागेवर असतील हा त्यांचा. प्रवेश फी पुढच्याची आणि मागच्याची सारखीच असते. म्हणून आता नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना सरळ विचारते: कट-ऑफ बंदुकीपासून धरता की शेवटच्या गटाने रेषा ओलांडल्यापासून? शेवटचं पाण्याचं टेबल किती वाजता उचलता? मधले कट-ऑफ कुठे आणि किती वाजता आहेत? शेवटच्या धावकासोबत कुणी असतं का? जिथे या प्रश्नांची उत्तरं लगेच आणि नेमकी येतात, तिथे व्यवस्थाही चोख असते असा माझा अनुभव आहे. ‘काळजी करू नका, सगळं असतं’ असं उत्तर आलं तर मी दुसरी शर्यत शोधते.

त्या तहानेचा परिणाम असा झाला की पुढच्या हाफमध्ये मी उलटी चूक केली. भीतीच बसली होती. कमरेच्या पट्ट्याला दोन बाटल्या लावल्या, शिवाय प्रत्येक टेबलावर थांबून तहान असो-नसो दोन-दोन कप प्यायले. चौदाव्या किलोमीटरला बोटं सुजल्यासारखी वाटायला लागली, घड्याळाचा पट्टा रुतू लागला. मग मळमळ आणि डोकं जड. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले. शर्यत संपल्यावर वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो ‘किती प्यायलात?’ असा. मी मोजून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली बाटली काढून घेतली आणि मला तासभर समोर बसवून ठेवलं. रक्तातलं सोडियम उतरतं, त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मी त्या तंबूत पहिल्यांदा ऐकलं.

घरी येऊन शोधलं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के धावकांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. ज्यांचं वजन शर्यतीत कमी होण्याऐवजी वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. हळू धावणाऱ्याला घाम तासागणिक कमी येतो, टेबलापाशी थांबायला सवड भरपूर असते आणि रस्त्यावर वेळ जास्त जातो. म्हणजे जास्त पाणी पोटात जाण्याची सगळी कारणं आपल्यापाशीच जमलेली असतात. आता मी तहान लागेल तेव्हाच पिते. लांबच्या सरावाआधी आणि नंतर वजन करून बघते. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर कुठेतरी चुकलंय हे नक्की.

खाण्याचंही तसंच. धावताना किलोमीटरमागे खर्च होणारी ऊर्जा वेगाने फारशी बदलत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे दीड तासात हाफ करणारा आणि मी, वजन सारखं असेल तर जवळपास सारखंच जाळतो. पण त्याची शर्यत संपते तेव्हा मी अजून दहाव्या-अकराव्या किलोमीटरला असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, हळू चालीत बेताने खर्च होते हे खरं, पण तीन तास काही न खाता धावलं की मला अठराव्या किलोमीटरला बेरीज-वजाबाकीही सुचत नाही. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. एका जेलमध्ये, म्हणजे धावताना खायच्या गोड पाकिटात, वीस-पंचवीस ग्रॅम असतात. वेगवान धावक हाफमध्ये एका जेलवर भागवतो. मला चार लागतात, आणि ती मी स्वतः नेते, कारण टेबलावरची माझ्यापर्यंत उरतीलच असं नाही.

पावलांचा हिशेब एकदा रिकाम्या वेळी केला. मिनिटाला १६५ पावलं धरली तर तीन तास दहा मिनिटांत एकतीस हजारांच्या वर पावलं पडतात. तासाभरात हाफ संपवणाऱ्याची अकरा-बारा हजार. म्हणून मोजे, बुटांचं माप आणि वॅसलीन या गोष्टी आम्हाला जास्त जपाव्या लागतात. काखेत आणि मांड्यांत घासून कातडी सोलवटते ती दुसऱ्या तासानंतर. आणि ऊन! सहाला सुटलेल्या शर्यतीत पुढचे लोक आठच्या आत घरी असतात. आम्ही शेवटचे पाच किलोमीटर नऊच्या उन्हात धावतो. शर्यतीच्या सूचनांमध्ये ‘सकाळच्या आल्हाददायक हवेत’ असं असतं, ते पहिल्या दीड तासापुरतं खरं असतं.

धावणं-चालणं मी चौथ्या हाफपासून सुरू केलं. त्याआधी चालणं म्हणजे हरणं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी दमेपर्यंत धावायचे आणि मग चालायचे, आणि एकदा चालायला लागलं की पुन्हा धावायला पाय तयार नसायचे. जेफ गॅलोवे हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकन धावक. त्यांनी सत्तरच्या दशकात नवख्यांना शिकवताना ठरावीक अंतराने चालण्याची पद्धत बसवली. तिचं मर्म एवढंच, की दमण्याआधी चालायचं, पहिल्या मिनिटांपासून. मी चार मिनिटं धावते, एक मिनिट चालते. पहिल्यांदा हे केलं त्या शर्यतीत सुरुवातीलाच, सगळे जोशात असताना, पाचव्या मिनिटाला चालायला लागणं मला फार अवघड गेलं. बाजूने जाणारे पाठीवर थाप मारून ‘चला चला, सोडू नका’ म्हणत होते. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण पंधराव्या किलोमीटरनंतर मी त्यातल्या कितीतरी जणांच्या पुढे गेले, आणि माझी सरासरी नऊ-पंचवीसवरून नऊवर आली. ती शर्यत संपवून दुसऱ्या दिवशी मी जिना नीट उतरू शकले.

पेसरबद्दल एक सांगायलाच हवं. पाठीला वेळेचा झेंडा लावून ठरलेल्या चालीने धावणारे हे लोक हाफमध्ये बहुतेक ठिकाणी अडीच किंवा पावणेतीन तासांवर संपतात. त्यांच्यामागे झेंडा नसतो. एकदाच, एका छोट्या शर्यतीत, सव्वातीन तासांचा पेसर होता. तो एरवी पावणेदोन तासांत हाफ करणारा मुलगा. आमच्या चालीने धावणं त्याला सोपं नव्हतं, पोटऱ्या भरून येत होत्या, हे त्यानेच सांगितलं. आम्ही अकरा जण त्याच्यामागे होतो. दर किलोमीटरला तो मागे वळून माणसं मोजायचा. ‘अकरा. ठीक.’ पुढचा किलोमीटर. ‘अकरा. ठीक.’ शेवटपर्यंत अकरा राहिले. इतक्या शर्यतींत मला कुणी मोजलंय ते तेव्हाच.

आता फुल मॅरेथॉन. एकूण कट-ऑफ साडेसहा तास, बंदुकीपासून. म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटं चौदा सेकंद. तीस किलोमीटरला मधला कट-ऑफ चार तास चाळीस मिनिटं. मी आठ महिने तयारी केली होती. चालणं धरून नऊ मिनिटं दहा सेकंदांची चाल ठरवली. तीस किलोमीटर चार तास पस्तीस मिनिटांत, हाताशी पाच मिनिटं. कागदावर सगळं बसत होतं.

ती पाच मिनिटं कशी गेली हे मी नंतर घड्याळातली नोंद समोर ठेवून शोधून काढलं. बंदूक वाजल्यापासून रेषेपर्यंत पोचायला चार मिनिटं दहा सेकंद. अकराव्या किलोमीटरला शौचालयाच्या रांगेत तीन मिनिटं. आणि तिसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. तीस किलोमीटरच्या पाटीला माझं घड्याळ ३०.४ दाखवत होतं. रस्त्यावरच्या शर्यतीचं प्रमाणित अंतर सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात, तेही धावकाला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेवरून, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटरवरून. अंतर कमी भरू नये म्हणून त्यात किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. मी मात्र प्रत्येक वळण बाहेरच्या बाजूने घेतलं होतं, पाण्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते, सावली दिसेल तिकडे सरकले होते. घड्याळाच्या मोजणीतही थोडाफार फरक पडतोच. घड्याळ नऊ-दहा म्हणत होतं आणि मी त्याच्यावर विसंबून होते, पण ते चारशे मीटर मला तीन मिनिटं चाळीस सेकंदांना पडले. तिन्ही मिळून दहा मिनिटं पन्नास सेकंद. मी तीस किलोमीटरला पोचले चार तास पंचेचाळीस मिनिटं पन्नास सेकंदांनी.

दोन पांढरे शंकू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली फीत. एक वयस्कर गृहस्थ हातात यादी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, इथेच थांबायचं.’ मी म्हटलं, ‘मला काहीच झालेलं नाही. मी धावू शकते.’ ते म्हणाले, ‘दिसतंय मला. पण रस्ता उघडायचाय.’ मग त्यांनी माझ्या बिबवर मार्करने एक तिरकी रेघ मारली. इतक्या हळूच मारली की जणू मला दुखेल. मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले आणि खूप रडले. ते शेजारी उभे राहिले, काही बोलले नाहीत, आणि पुढचा माणूस येताना दिसला तेव्हा त्याच्याकडे गेले.

मागून येणाऱ्या बसमध्ये आम्ही चौदा जण होतो. बस कट-ऑफच्या चालीने, म्हणजे शेवटच्या धावकांच्या मागे सरपटत जात होती, त्यामुळे खिडकीतून ते लोक दिसत राहायचे. अगदी थोड्या फरकाने तीस किलोमीटर पार केलेले. आमच्यातली एक मुलगी खिडकीवर हात आपटून त्यांना ओरडून सांगत होती, ‘बसकडे बघू नका, पुढे बघा!’ हळूहळू बसमधले सगळेच ओरडायला लागले.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या जवळपास नव्वद किलोमीटरच्या शर्यतीत बारा तासांची बंदूक वाजवणारा माणूस येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो. कुणाला बघून हात थांबू नये म्हणून. मी हे पूर्वी ऐकलं होतं तेव्हा क्रूर वाटलं होतं. त्या फितीपाशी थांबवलं गेल्यावर मला ते समजलं. कट-ऑफ असायलाच हवा. चौकात उभा असलेला पोलीस, रुग्णवाहिकेतला चालक, टेबलावरची मुलं, सगळे मध्यरात्रीनंतर उठून आलेले असतात, आणि रस्ता ज्यांचा आहे त्यांनाही तो परत द्यायचा असतो. माझी तक्रार पाच मिनिटं पन्नास सेकंदांबद्दल नव्हती आणि नाही. त्या शर्यतीत तीस किलोमीटरपर्यंतच्या प्रत्येक टेबलावर मला पाणी मिळालं होतं. प्रत्येक बाण जागेवर होता. त्यांनी त्यांचा शब्द पाळला, माझा हिशेब चुकला. त्या दुसऱ्या हाफमध्ये मेडल मिळालं होतं आणि इथे मिळालं नाही. तरी मनात चांगली शर्यत म्हणून नाव राहिलंय ते हिचंच.

फुलचा दुसरा प्रयत्न मी अजून केलेला नाही. आठ तासांचा कट-ऑफ असलेली शर्यत हेरून ठेवली आहे आणि वळणं आतल्या बाजूने घेण्याचा सराव चालू आहे. मधल्या काळात एका हाफच्या आयोजकांना मी नेहमीचे प्रश्न विचारले. ‘शेवटच्या धावकासोबत कुणी असतं का?’ याला त्यांनी उत्तर दिलं, ‘नसतं. तुम्ही याल का?’

अशी मी स्वीपर झाले. हे काम माझ्या चालीला साजेसं आहे. वेगवान धावकाला तीन-साडेतीन तास असं रेंगाळणं जमत नाही. पाठीवर पिशवी: पाण्याच्या दोन बाटल्या, जेल, मीठ-साखरेची पाकिटं, चिकटपट्ट्या, वॅसलीन, एक शिट्टी. माझ्यामागे एक सायकलस्वार आणि त्याच्यामागे रुग्णवाहिका.

या कामाच्या काही गोष्टी मला कुणी शिकवल्या नाहीत. मागे धावून धावून त्या आधीच ठाऊक होत्या. शेवटच्या माणसाच्या पुढे चालायचं नाही. अर्धं पाऊल मागे आणि बाजूला राहायचं, नाहीतर आपण त्याला ओढतोय असं त्याला वाटतं. ‘आता थोडंच राहिलं’ असं कधीच म्हणायचं नाही. ज्याला अजून चार किलोमीटर जायचंय त्याला ते थोडं नसतं. नेमकं अंतर आणि नेमकी वेळ सांगायची. ‘तीन किलोमीटर सातशे. हाताशी बेचाळीस मिनिटं.’ दर मिनिटाला ‘बरं आहे ना?’ विचारायचं नाही. पण एखादा प्रश्न असा विचारायचा की उत्तराला पूर्ण वाक्य लागेल. घरी कोण कोण असतं, आज किती वाजता उठलात. वाक्य नीट जुळून आलं की डोकं ठिकाणावर आहे. तुटक, भलतंच यायला लागलं की थांबवायचं आणि मागे हात करायचा.

आणि टेबलापाशी पोचलं की थांबून मोठ्याने सांगायचं, ‘माझ्यामागे कुणी नाही.’ मगच टेबल दुमडायचं. बाणही तेव्हाच काढायचे. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे वाक्य.

गेल्या खेपेला शेवटच्या होत्या त्या साठीच्या पुढच्या एक बाई. आधीच्या दोन वर्षी बाराव्या किलोमीटरला सोडून दिलं होतं, असं त्यांनी सहाव्यालाच सांगून टाकलं. बारावा आला तेव्हा दोघीही काही बोललो नाही. तेराव्याच्या पाटीला त्यांनी हात लावला. सोळाव्याला डाव्या पोटरीत गोळा आला. मी खाली बसून पायाचा पंजा मागे दाबून धरला, सायकलवाल्याने सावलीसाठी स्वतःचा शर्ट दोन हातांत ताणून धरला. चार मिनिटं गेली. ‘हिशेब सांगा,’ त्या म्हणाल्या. मी सांगितला. ‘पाच किलोमीटर शंभर. अठ्ठावन्न मिनिटं. चालत जमणार नाही, थोडं धावावं लागेल.’ ‘किती?’ ‘दोन मिनिटं धावायचं, दोन मिनिटं चालायचं.’ ‘शिट्टी वाजवा मग,’ त्या म्हणाल्या.

मी शिट्टी वाजवत राहिले. दोन मिनिटांनी एकदा, पुन्हा दोन मिनिटांनी. अठराव्याच्या टेबलावर कॉलेजची मुलं होती. दुरून त्यांनी आम्हाला पाहिलं आणि कप भरून रांगेत धरले. खरंतर गरज एकाच कपाची होती. बाईंनी प्रत्येकाकडून एकेक घोट घेतला. मी म्हटलं, ‘माझ्यामागे कुणी नाही,’ आणि त्यातली दोन मुलं टेबल तसंच सोडून आमच्यासोबत धावायला लागली.

कमान उभी होती. तीन तास सव्वीस मिनिटं. मी मॅटच्या अलीकडे थांबले. माझ्या बिबला चिप नसते. त्या पुढे गेल्या, मॅटवर पाय पडला आणि यंत्रातून तो बारीक ‘पीप’ आवाज आला. त्या दचकून मागे वळल्या, काय चुकलं का म्हणून. मी हाताने खुणावलं, हे तुमचंच आहे.

टायमिंगचा मुलगा केबलजवळ उकिडवा बसला होता. त्याने वर बघून विचारलं, ‘अजून कुणी?’

मी मागे रस्त्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. ‘नाही,’ म्हटलं. ‘आता काढा.’